बाबांचं आडनाव लावते, मग मी कोण?

प्रश्न: ताई, मी २८ वर्षांची आहे, ठाण्यात राहते. बाबा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, आई साताऱ्याकडची मराठा. दोघांनी रजिस्टर लग्न केलं, धर्म कुणीच बदलला नाही. घरी शुक्रवारी संध्याकाळी दिवा लागायचा, काळ्या मनुकांचं शरबत असायचं, आणि गणपतीत आम्ही मामाकडे जायचो. मला यात कधी काही वेगळं वाटलं नाही. आठ महिन्यांपूर्वी बाबा गेले. मागच्या महिन्यात त्यांच्यासाठीच्या प्रार्थनेला मशिदीत गेले होते (आमच्यात सिनेगॉगला, यहुदी प्रार्थनाघराला, मशीदच म्हणतात). तिथे एका वयस्कर बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "तू आमच्यातली नाहीस. तुझी आई आमच्यातली नाही." त्या रात्री झोप लागली नाही. आता मी रीतसर धर्मांतर करायचं म्हणते आहे. मैत्रीण म्हणते, आधी डीएनए चाचणी कर, म्हणजे हातात पुरावा येईल. चुलतभाऊ म्हणतो, सरळ इस्रायलला जा, तिथे तुला घेतील. आईला यातलं काहीच बोललेले नाही. मी यहुदी आहे की नाही? नसेन, तर होऊ का?
– बाबांची मुलगी, ठाणे

उत्तर:

मुली, त्या बाईंनी सांगितलेला नियम खरा आहे. हे आधीच सांगते, कारण ते टाळून पुढे काहीही बोलले तर ती नुसती समजूत काढणं होईल, आणि तू समजूत मागितलेली नाहीस. आपलं धर्मशास्त्र, हलाखा, मूल आईकडून मोजतं. आई यहुदी असेल तर मूल यहुदी. आई नसेल, तर बाप दाविद राजाच्या वंशातला असला तरी मूल यहुदी ठरत नाही. इसवी सन २००च्या सुमारास मिश्ना या धर्मनियमांच्या ग्रंथात हा नियम नोंदला गेला आणि मुंबई-ठाण्यातल्या, कोकणातल्या आपल्या बहुतेक मशिदी आजही तोच मानतात.

पण बापाच्या दुःखात आलेल्या पोरीला चारचौघांत असं ऐकवणं हे त्याच धर्मशास्त्रात पाप आहे. उपऱ्याला दुखवू नका, तुम्हीही मिसरात उपरे होतात, ही ताकीद तोरा या आपल्या मूळ धर्मग्रंथात किती वेळा आली आहे ते तालमूद या चर्चाग्रंथातल्या पंडितांनी मोजून ठेवलंय. कुणी म्हणतं ३६ वेळा, कुणी म्हणतं ४६. मला त्या बाईंचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

राग यायचं आणखी एक कारण आहे. "तू आमच्यातली नाहीस" हे वाक्य आपल्या सगळ्या लोकांनी ऐकलेलं आहे. मी स्वतः बेने इस्राएल, माहेर रोह्याजवळच्या अष्टमीचं. माझी आत्या पन्नासच्या दशकात बोटीने इस्रायलला गेली आणि बेरशेबाला राहिली. १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, लग्न नोंदवणाऱ्यांना आदेश दिला, की बेने इस्राएल माणसाचं लग्न दुसऱ्या यहुदी समाजात होणार असेल तर त्याच्या आईची, आजीची, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा. नेमकं त्याच सुमारास आत्याचं लग्न एका मोरोक्कन घरात ठरलं होतं. तिने आजीला पत्र टाकलं: तुझ्या आईचं, तिच्या आईचं नाव-गाव लिहून पाठव. आजीला लिहिता येत नव्हतं. पणजीच्या आईचं नाव तिला ठाऊक नव्हतं, ती आवासकडची होती एवढंच माहीत. आमच्या घरात ते पत्र कितीतरी वर्षं पत्र्याच्या पेटीत होतं. १९६४च्या उन्हाळ्यात आपले लोक जेरुसलेममध्ये बायकामुलांसकट धरणं धरून बसले, तिथल्या संसदेला ऑगस्टमध्ये खास बैठक घ्यावी लागली. बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी आहेत असं सरकारने जाहीर केलं आणि आदेशातून आपलं नाव निघालं.

एवढं सोसलेल्या समाजाने दारात आलेल्या मुलीला तोच प्रश्न विचारावा, याचं मला फार वाईट वाटतं. आणि हे काही आत्ताचंच नाही. आपल्यातही 'गोरे' आणि 'काळे' होते. कातडीच्या रंगाशी त्याचा संबंध नव्हता. ज्यांच्या घराण्यात कधीतरी बाहेरची बाई आली, त्यांना काळे म्हणायचे, आणि गोरे त्यांच्याशी सोयरीक करत नसत, त्यांच्या पंक्तीला बसत नसत. माझ्या लहानपणी मोठी माणसं हे शब्द हळू आवाजात बोलायची. नंतर ते मागे पडले. तुझ्यासारख्या मुलींच्या वाट्याला आलं की कळतं, ते गेलेले नव्हते.

आता डीएनए. त्या चाचणीवर पैसे घालवू नकोस. तुझे बाबा बेने इस्राएल होते याबद्दल कुणाला शंकाच नाही, मग पुरावा कशाचा गोळा करणार? आणि हलाखा आईचा धर्म बघते, रक्तातले टक्के बघत नाही. अहवालात काहीही आलं तरी मशिदीतलं उत्तर बदलणार नाही. आपल्या समाजाच्या जनुकांचा अभ्यास झालेला आहे, २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. आपल्यात बाहेरून आलेल्या यहुद्यांचा अंश ठळक आहे आणि इथल्या स्थानिक माणसांचा अंशही तितकाच ठळक आहे, असं त्यात दिसलं. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही आपल्या मूळ पूर्वजांची गोष्ट तुलाही बाबांनी सांगितली असेल. गलबताचं काय ते असो, पण तुझ्या आईसारख्या इथल्या बायका आपल्या घराण्यांमध्ये पूर्वीपासून आलेल्या आहेत. माझ्याही आणि बहुधा त्या बाईंच्याही.

शिवाय आपल्याला यहुदी म्हणून ओळखलं गेलं ते रक्तावरून नव्हे. शेकडो वर्षं आपल्याकडे ना रब्बी होता ना पोथी. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गाव 'शनिवार तेली' म्हणायचं. दाविद राहाबी हे बाहेरचे यहुदी गृहस्थ आले तेव्हा त्यांनी बायकांपुढे मासे टाकले, आणि बायकांनी खवले-पर असलेले, म्हणजे धर्माप्रमाणे खायला चालणारे, तेवढे बाजूला काढले, अशी आठवण सांगतात. 'शेमा इस्राएल' ही प्रार्थनेची ओळ तोंडात होती, मुलांची सुंता आठव्या दिवशी होत होती. लोकांनी काय जपलं ते राहाबींनी पाहिलं. तुला कधी कुणी विचारलं ना, की तुझ्याकडे काय आहे, तर ते शरबत आणि तो दिवा सांग.

चुलतभाऊ म्हणतो तेही अर्धंच खरं आहे. इस्रायलचा परतीचा कायदा १९५०चा. १९७० साली त्यात दुरुस्ती झाली, आणि यहुदी माणसाच्या मुलांना, नातवंडांना आणि त्यांच्या जोडीदारांनाही तिथे जाऊन नागरिक होण्याचा हक्क मिळाला. बाबांमुळे तो हक्क तुला आजच आहे, त्यासाठी धर्मांतर लागत नाही. पण त्याच दुरुस्तीत 'यहुदी कोण' याची व्याख्याही आहे: यहुदी आईच्या पोटी जन्मलेला किंवा धर्मांतर केलेला, आणि दुसऱ्या कुठल्या धर्माचा नसलेला. म्हणजे तू नागरिक होशील, पण यहुदी म्हणून तुझी नोंद होणार नाही. तिथे लग्नं धर्मपीठांच्या हाती आहेत, नागरी लग्नाची सोय नाही, त्यामुळे अशी माणसं बहुधा सायप्रसला जाऊन लग्न करून येतात. जुन्या सोव्हिएत संघातून आलेली लाखो माणसं तिथे अशीच राहतात, सैन्यात जातात, कर भरतात. जायचं असेल तर जरूर जा, आपली कितीतरी माणसं तिकडे मराठी बोलत सुखाने राहतायत. फक्त "मी कोण" हा प्रश्न विमानतळावर सुटेल या आशेने जाऊ नकोस.

आता मुख्य गोष्ट. तुझं पत्र वाचताना मला सारखं वाटत राहिलं, की तुला धर्म बदलायचा आहे तो बाबांची मुलगी ठरण्यासाठी. आपल्या वापरात धर्मांतराला गियूर म्हणतात. गियूर झालं की हिब्रू नाव घेतात, आणि नावापुढे वडिलांचं नाव लागत नाही. 'अमुक बत अब्राहाम' लागतं, म्हणजे अब्राहामाची मुलगी. धर्मशास्त्राच्या लेखी गियूर केलेलं माणूस नव्याने जन्मलेलं असतं. यहुदी बाप असलेल्या मुलीलाही हेच लागू होतं. ज्यांच्या नावासाठी तू हे करायला निघालीस, ते नाव त्या कागदावर असणार नाही. मी हे तुला घाबरवायला सांगत नाही. उद्या तीन रब्बींसमोर उभी राहशील आणि ते नाव ऐकशील, तेव्हा ते पहिल्यांदा ऐकू नयेस म्हणून सांगते.

बाबांची मुलगी तू आहेसच, आणि ते कुठलंही धर्मपीठ देत नाही की काढून घेत नाही. गियूर मागतं ते वेगळं आहे. उद्यापासून मरेपर्यंत यहुदी माणसासारखी जगशील का, एवढंच ते विचारतं. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत फोन नाही, गाडी नाही, चूल पेटवायची नाही. तुझी नोकरी शनिवारची असेल तर काय करणार? मटण आणि दही एका ताटात नाही (हे तुझ्या घरी बहुधा आधीपासून असेल, आपण नारळाच्या दुधावर भागवतोच). आणि गणपतीत मामाकडे गेलीस तर आरतीचं ताट हातात घ्यायचं नाही, नैवेद्याचा मोदक खायचा नाही. मामीने डिशमध्ये घालून पुढे केला तरी नाही. हे वाचताना तुझ्या पोटात काय हललं त्याकडे लक्ष दे. मला वाटतं, तुझं उत्तर तिथे सापडेल.

ते जगणं तुला हवंसं वाटत असेल, बाबा नसते आणि त्या बाई भेटल्या नसत्या तरी हवं वाटलं असतं असं तुझं मन सांगत असेल, तर मागे हटू नकोस, आणि आपण कुणाच्या दारात भीक मागतोय असंही समजू नकोस. शावुओथच्या सणाला आपण रूथची गोष्ट वाचतो. रूथ मवाबी, परकी बाई. नवरा मेल्यावर सासूला सोडून माहेरी जायला तिने नकार दिला, सासूचे लोक आणि सासूचा देव आपला मानला. दाविद राजा तिचा पणतू. बाराव्या शतकात ओबद्या नावाच्या धर्मांतरिताने मायमोनिदीसना पत्र लिहून विचारलं होतं, की प्रार्थनेत 'आमच्या पूर्वजांचा देव' असं येतं ते मी कसं म्हणू, माझे पूर्वज तर वेगळे होते? मायमोनिदीस म्हणजे आपल्या धर्मशास्त्रातलं केवढं मोठं नाव. त्यांनी उत्तर दिलं, की सगळं जसंच्या तसं म्हण, एक शब्दही बदलू नकोस, अब्राहाम तुझाही बाप आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाचा प्रश्न आणि तुझा प्रश्न मला सख्ख्या भावंडांसारखे वाटतात.

आणखी एक नाव लक्षात ठेव, रब्बी उझिएल. १९५३ पर्यंत ते इस्रायलमध्ये सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनकडच्या रीतीच्या, यहुद्यांचे मुख्य रब्बी होते, आणि आपली प्रार्थनेची रीत सेफार्दीच आहे. ज्यांचा बाप यहुदी आणि आई नाही, अशा मुलांना ते 'झेरा यिस्राएल' म्हणायचे, इस्राएलचं बी. अशा मुलांना दूर लोटणं चूक आहे, त्यांच्या गियूरला मदत करणं हे रब्बींचं कर्तव्य आहे, असं त्यांनी ठामपणे लिहिलं. सगळ्यांनी ते मानलं नाही. पण पुन्हा कुणी तुला परकी म्हटलं तर धर्मशास्त्रातला हा शब्द तुझ्याकडे असू दे.

व्यवहाराचं थोडक्यात सांगते. गियूर तीन जणांच्या धर्मपीठासमोर, बेथ दीनसमोर होतं. आधी शिकावं लागतं, त्यात एक-दोन वर्षं सहज जातात. रब्बी सुरुवातीला परतवून लावतात, तशी परंपराच आहे, मनाला लावून घेऊ नकोस. शेवटी मिकव्यात, म्हणजे शुद्धीच्या कुंडात, बुडी असते. भारतात असं कायमचं धर्मपीठ नाही. २००५ साली इस्रायलहून रब्बी ईशान्येला आले, तिथल्या, स्वतःला इस्राएलचे वंशज मानणाऱ्या बेने मेनाशे लोकांचं गियूर सुरू केलं, तेव्हा भारत सरकारने हरकत घेतली आणि ते थांबलं. म्हणजे तुला बहुधा परदेशी जावं लागेल. आणि कुठल्या पंथाचं धर्मपीठ, हे पैसे भरण्याआधी विचार. ऑर्थोडॉक्स, म्हणजे जुनी रीत कडक पाळणारे, रब्बी रिफॉर्म या उदारमतवादी पंथाचं गियूर मानत नाहीत. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली, इस्रायलमध्येच झालेलं रिफॉर्म आणि मधल्या वाटेच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाचं गियूरही नागरिकत्वासाठी ग्राह्य धरलं, पण तिथल्या लग्नाला ते अजूनही चालत नाही. तुला ज्या मशिदीत बसायचं आहे, तिथल्या लोकांना आधी जाऊन विचार, की तुम्ही कुणाचं मानता.

उदारमतवादी वाटही आहे आणि तीही आपलीच आहे. मुंबईत १९२५ साली ज्यूइश रिलिजस युनियन ही उदारमतवादी संस्था निघाली, ती काढली डॉक्टर जेरुशा झिराड यांनी. आपल्या समाजातली बाई, लंडनला शिकून आलेली डॉक्टर, पुढे १९६६ साली पद्मश्री मिळालेली. अमेरिकेतल्या रिफॉर्म रब्बींनी १९८३ साली ठरवलं, की आई किंवा बाप, कुणीही एक यहुदी असेल आणि मूल यहुदी म्हणून वाढलं, तसं वागलं, तर ते यहुदी. त्यांच्या दृष्टीने तू कदाचित आत्ताच आत आहेस. ऑर्थोडॉक्स मंडळी हे मानणार नाहीत. दोन्ही बाजूंकडे आपापली कारणं आहेत. मी स्वतः जुन्या रीतीत वाढले, तीच पाळते, पण रिफॉर्मवाल्यांना खोटं यहुदी म्हणायला माझी जीभ वळत नाही.

हे सगळं आत्ता करू नकोस मात्र. वर्ष पुरं होऊ दे. कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, अकरा महिने म्हणतात, त्यातले तीन उरलेत. चुलतभावाला सांग, विमानाच्या गप्पा नंतर, आधी काकांसाठी दहा माणसांत उभा राहून कद्दिश म्हण. तू घरी तेहिलीम, म्हणजे स्तोत्रं, वाच, मराठीतून वाच. कबरीवर जा. दिवा लाव. यातल्या कशालाही कुणाची परवानगी लागत नाही, आणि बापाचा मान राखायला मुलीने गियूर केलेलं असावं असं कुठेही लिहिलेलं नाही.

आईबद्दल तू पत्रात एकच ओळ लिहिलीस. शुक्रवारचा दिवा कोण लावायचं, हे लिहिलं नाहीस. आपल्यात तो घरातली बाई लावते, म्हणजे तुझ्या घरी तो आईच लावत असणार. साताऱ्याहून आलेल्या त्या बाईने मनुका भिजत घातल्या, मलिद्याचे, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावाने करतात त्या प्रसादाचे, पोहे धुतले, नव्याच्या सणाला, म्हणजे आपल्या नववर्षाला, गव्हाचा चीक काढून हलवा केला, धर्म न बदलता. तुला बाबांचं जे काही मिळालं ते तिच्या हातून मिळालं. आणि आता तिच्या कानावर पडणार की मुलगी धर्म बदलतेय, कारण काय, तर आई. तिला हे दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये. मायमोनिदीसनेच लिहून ठेवलंय, की गियूर केल्यावरही जन्मदात्यांचा अपमान करायचा नाही, त्यांना मान द्यायचा. पण ते नंतरचं. आधी तिच्यासमोर बस आणि त्या दिवशी मशिदीत काय झालं ते सांग. धर्मांतराचं पहिल्या दिवशी काढू नकोस. तिला बोलू दे. लग्न करताना त्या दोघांनी याच्यावर काही ठरवलं होतं का, बाबांनी कधी तिला गियूरबद्दल विचारलं होतं का, तिने नको म्हटलं की बाबांनीच विषय सोडला, हे तुला ठाऊक नसावं असा माझा अंदाज आहे. आता ते सांगणारी तीच एक उरली आहे.

वर्षाचा मलिदा घरीच करा. पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, पाच फळं. एलियाहू हन्नाबीचं, त्या एलिया संदेष्ट्याचं, नाव घ्यायला हाजान, म्हणजे मशिदीत प्रार्थना म्हणणारे, येतील, न आले तर चुलतभावाला म्हणायला लाव. पोहे किती वेळ भिजवायचे ते आईला विचार. आणि मग मला परत लिही.